कळलावी घरच्या बागेत: कंद निवडण्यापासून तो पुन्हा विसाव्याला ठेवण्यापर्यंत

कळलावीबद्दल ज्या तक्रारी येतात त्या बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. पहिली: कंद लावला, महिना उलटला, काही उगवेना म्हणून उकरून पाहिला आणि टोकाचा कोंब मोडला. दुसरी: पहिल्या वर्षी वेल भरभरून फुलली, थंडीत वाळली, कुंडी मात्र इतर झाडांच्या रांगेतच राहिली आणि तिला रोज पाणी मिळत गेलं. पुढच्या जूनमध्ये आत हाताला लागली ती नुसती काळपट साल.

दोन्हींचं मूळ एकच. या वेलीचा जीव कंदाच्या टोकावरच्या एका डोळ्यात असतो, आणि वर्षातले सहा-सात महिने तिला आपल्याकडून काहीच नको असतं. गुलाब-जास्वंदीची सवय असलेल्या हाताला हे जड जातं. म्हणून खाली सगळा क्रम दिला आहे. टप्पे पुढे-मागे करू नका. विशेषतः आधार उभा करण्याचा टप्पा लावणीच्या आधी दिलाय, तो तसाच पाळा.

## सगळ्यात आधी: ही वेल विषारी आहे

कळलावीच्या (शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा) सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं. कंदात आणि बियांत ते भरपूर असतं. रताळं किंवा दुसरा एखादा खायचा कंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. उकडला, भाजला तरी तो खाण्यालायक होत नाही.

त्यामुळे आधी स्वतःशी ठरवा. घरात सगळं तोंडात घालणारं लहान मूल असेल, किंवा माती उकरणारं कुत्रं असेल, तर ही वेल काही वर्षं पुढे ढकला. मी यात सवलत देत नाही, कारण पिकलेली शेंग उकलली की आत लालभडक, मण्यांसारख्या बिया दिसतात आणि मुलांचा हात नेमका तिकडेच जातो.

पाळायचे नियम:
- कंद हाताळताना, कापताना हातमोजे घाला. नंतर हात आणि खुरपं साबणाने धुवा.
- कंद स्वयंपाकघरात, कांदा-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका.
- कुंडीवर आणि साठवणीच्या डब्यावर ‘विषारी’ असं ठळक लिहा. तुम्हाला माहीत असतं. घरी आलेल्या पाहुण्याला नसतं.
- प्रसूतीसाठी किंवा विंचू चावल्यावर कळलावीचा कंद वापरण्याचे घरगुती उपाय कुणी सांगितले तर ते करू नका.

इशारा: कुणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट पाहू नका. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागू शकतात. मधे बरं वाटल्यासारखं होऊन नंतर प्रकृती गंभीर होऊ शकते. लगेच रुग्णालय गाठा आणि खाल्लेल्या वेलीचा तुकडा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

## टप्पा १: कंद निवडणं

रोपवाटिकेतून किंवा ज्यांच्या बागेत वेल आहे त्यांच्याकडून कंद घ्या. रानातल्या कुंपणावरची, डोंगरउतारावरची वेल खणून आणू नका. औषधासाठी होणाऱ्या खणाईमुळे तिची रानातली संख्या आधीच घटली आहे. शिवाय रानातला कंद दगडांच्या बेचक्यात खोल गेलेला असतो. खणताना तो हमखास तुटतो. म्हणजे रानातून वेल जाते आणि बागेतही येत नाही.

कंद घेण्याची वेळ एप्रिल-मे. तेव्हा तो झोपलेला असतो आणि प्रवास सोसतो. जुलैत कोंब फुटलेला कंद पार्सलने मागवणं म्हणजे कोंबाचा निरोप घेणं.

आता कंद हातात घेऊन नीट पाहा. तो बोटभर जाडीच्या दोन बाहूंचा असतो, इंग्रजी व्ही किंवा एल अक्षराच्या आकाराचा. दोन बाहू जिथे मिळतात तिथे गेल्या वर्षीच्या वेलीचा सुकलेला वण दिसतो. नवे लावणारे बहुतेक जण त्या वणालाच डोळा समजतात आणि तो भाग वर करून लावतात. खरा डोळा असतो प्रत्येक बाहूच्या टोकाशी. एका बाहूला एकच डोळा असतो. बटाट्यासारखे अंगभर डोळे इथे नाहीत. टोक गेलं की तो बाहू संपला. कंद कितीही टणटणीत दिसो, तिथून कोंब येणार नाही.

काय घ्यावं, काय टाळावं:

- टणक, वजनदार, फिकट तपकिरी सालीचा कंद घ्या. साल किंचित सुरकुतलेली चालते.
- दाबल्यावर मऊ लागणारा, ओलसर वासाचा किंवा वणाभोवती बुरशी आलेला घेऊ नका.
- ५० ग्रॅमच्या पुढचा कंद पहिल्याच हंगामात फुलण्याची चांगली शक्यता असते. करंगळीएवढा कंद वेल देईल, पण फुलांसाठी एखादं वर्ष थांबावं लागेल.
- एकाच बाहूचा कंद चालतो, टोक शाबूत असलं की झालं.

बाहू मधेच मोडला तर टोकाकडचा तुकडा फेकू नका. कापाला राख किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी) पावडर लावून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. वेल थोडी किरकोळ होईल, पण होईल. टोक नसलेला तुकडा मात्र ठेवण्यात अर्थ नाही. त्याची विल्हेवाट लावताना तो गुराढोरांच्या तोंडी लागणार नाही असा खोल पुरा.

तपासा: लावण्याआधी प्रत्येक बाहूचं टोक बोटाने न दाबता नुसतं डोळ्यांनी पाहा. टोकाशी फिकट, निमुळता उंचवटा दिसला पाहिजे.

## टप्पा २: कुंडी आणि माती

कंद आडवा लावायचा असतो, म्हणून कुंडीला खोलीइतकीच रुंदी लागते. १२ इंच रुंद आणि तेवढ्याच खोल कुंडीत एक पूर्ण कंद बसतो. १५ इंची ग्रो-बॅग मिळाली तर अधिक बरं, कारण हंगामअखेर आत नवे कंद तयार होतात आणि त्यांना पसरायला जागा लागते.

मातीचं मिश्रण: दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग भरड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. काळी चिकण माती असेल तर वाळू दुप्पट करा. कोकोपीटवर फार विसंबू नका. उन्हाळ्यात ते उपयोगी असलं तरी संततधार पावसात दिवसचे दिवस ओलं राहतं, आणि हा कंद लावायचा असतो नेमका पावसाच्या तोंडावर. अर्धकच्चं शेणखत तर अजिबात नको. त्याच्या उष्णतेने डोळा जळतो आणि हुमणीही (मातीतली, मुळं खाणारी अळी) येते.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही, फक्त मातीची खोली कमी होते. भोकावर एक खापराचा तुकडा पालथा ठेवला की पुरे.

जमिनीत लावायचं असेल तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. सपाट जागेत पावसाचं पाणी एक दिवस जरी थांबलं तरी कंद धोक्यात येतो.

तपासा: भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. पाणी वर न साचता लगेच आत जिरलं पाहिजे आणि थोड्याच वेळात खालून ठिबकू लागलं पाहिजे. वर तळं साचत असेल तर माती उपसा, वाळू वाढवा. कंद आत गेल्यावर ही दुरुस्ती करता येत नाही.

जागा अशी निवडा की सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल आणि दुपारी थोडा आडोसा असेल. वेलीच्या शेंड्याला ऊन आवडतं, मुळांना गारवा. कुंडी कठड्याच्या सावलीत आणि वेल कठड्याच्या वर, अशी जागा उत्तम.

## टप्पा ३: आधार, आणि तो लावणीच्या आधी

कंद मातीत गेल्यावर काठी रोवलीत तर ती कंदाला किंवा कोंबाला लागण्याची भीती असते. आत काय झालं ते दिसतही नाही. म्हणून कुंडीत कंद जाण्याआधीच आधार उभा करा.

आधार कसला, हे त्याहून महत्त्वाचं. कळलावीला काकडी-कारल्यासारखे वेगळे ताणे नसतात. तिच्या पानाचं टोकच लांबट होऊन वळतं आणि जवळच्या वस्तूला विळखा घालतं. हा विळखा बारीक असतो. जाड बांबू, लोखंडी पाइप, भिंत यांना तो धरू शकत नाही. बांबूशेजारी उभी केलेली वेल बिचारी अधांतरी डुलत राहते आणि एका वाऱ्यात मोडते.

तिला धरायला लागतं ते काडीएवढं किंवा त्याहून बारीक: सुतळी, काथ्याची दोरी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी तारेची जाळी, वाळलेल्या फांद्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या) मिळत असतील तर दुसरं काही शोधू नका. त्यांच्या बारीक फाटे असलेल्या जुड्या चार बाजूंनी रोवल्या की वेल आपोआप चढते आणि आधार दिसेनासा होतो.

उंची पाच-सहा फूट ठेवा. वेल त्याच्याही वर गेली तर तिला खाली वळवू नका, आडवी दोरी बांधून बाजूला न्या.

## टप्पा ४: लावणी

वेळ: मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य. जिथे पाऊस धो धो कोसळतो तिथे मेमध्येच लावा, म्हणजे मोठा पाऊस येईपर्यंत डोळा जागा झालेला असतो. झोपलेला कंद आणि संततधार हे एकत्र येऊ देऊ नका.

१. लावण्याआधी कंद ट्रायकोडर्माच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत कोरडा करा. कंद कुजण्याचा अनुभव आधी आला असेल तर बुरशीनाशक वापरा: कार्बेन्डाझिम १ लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात, तेवढाच वेळ. दोन्हींपैकी एकच करा, कारण बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं.

२. कुंडी काठापासून पाच इंच रिकामी राहील इतकीच माती आत ठेवा.

३. कंद मातीवर आडवा ठेवा. टोकं कुंडीच्या भिंतीपासून दोन-तीन इंच आत असावीत. कोंब टोकापासून निघणार आहे, मधल्या वणापासून नाही. तेव्हा आधाराच्या काड्या टोकांच्या जवळ येतील असा कंद फिरवून घ्या.

४. वर ६ ते ८ सेंटिमीटर माती घाला. हाताने दाबू नका. फार वर लावला तर वेल वाऱ्याने मुळासकट हलते, फार खोल लावला तर कोंबाची ताकद वर येण्यातच जाते.

५. झारीने एकदा हलकं पाणी द्या. टोकं कुठे आहेत ते कुंडीच्या काठावर खडूने खुणा करून ठेवा. पुढे याच खुणा उपयोगी पडतात.

## टप्पा ५: काही न करण्याचे आठवडे

कोंब यायला तीन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. जमीन गार असेल तर आणखी उशीर. या काळात माती किंचित दमट असावी, ओली नसावी. बोट दोन इंच आत घालून पाहा (खडूच्या खुणांपासून लांब). आत कोरडं ठाक लागलं तरच थोडं पाणी द्या. पाऊस सतत असेल तर कुंडी छपराखाली सरकवा.

इशारा: उकरून पाहू नका. कोंब काचेसारखा ठिसूळ असतो आणि त्या डोळ्याला बदली नाही.

दोन महिने झाले, काहीच हालचाल नाही, तर कंदाच्या मधल्या भागावरची माती बोटाने हळू बाजूला करा. टोकांकडे जाऊ नका. कंद टणक लागला तर माती परत सारखी करून थांबा. मऊ लागला तर तो गेला.

## टप्पा ६: कोंबापासून कळीपर्यंत

कोंब दिसला की कुंडी उन्हात आणा आणि मग मात्र रोज नजर ठेवा. खालच्या पानांना विळखा घालणारं टोक नसतं, त्यामुळे पहिला वीत-दीड वीत भाग स्वतःला सावरू शकत नाही. तो मऊ सुती चिंधीने आधाराला सैल बांधा. गाठ काडीवर घट्ट, खोडाभोवती बोट जाईल इतकी मोकळी. याच वीतभरात सगळ्यात जास्त वेली मोडतात. बुडाशी मोडली तर बहुधा तो हंगाम गेला.

पानांची टोकं वळू लागली की हात काढून घ्या. वेल स्वतः वाट शोधते. दोरीभोवती तिला गुंडाळायला जाल तर काडकन तुटेल.

पाणी: पावसाची उघडीप असेल तेव्हा वरचा इंचभर थर सुकला की द्या. वाढीच्या काळात तिला तहान असते, पण खाली बशीत साचलेलं पाणी चालत नाही. बशी काढूनच टाका.

खत: पाच-सहा पानं आल्यावर मूठभर गांडूळखत, पुढे दर तीन आठवड्यांनी तेवढंच. नत्र भरपूर असलेली खतं, युरिया वगैरे, देऊ नका. पानांचं रान माजतं आणि कळ्या येत नाहीत. कळ्या दिसू लागल्या की पालाशयुक्त (पोटॅशचं) खत किंवा चमचाभर लाकडाची राख मातीत मिसळा.

अळी: कळलावीची ठरलेली शत्रू म्हणजे पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाची अळी. काळं अंग, त्यावर पांढरे आणि लालसर-नारिंगी ठिपके, त्यामुळे ओळखायला कठीण नाही. विषारी पानं ती खुशाल खाते आणि घोळक्याने आली तर दोन-तीन दिवसांत वेलीच्या काड्या करते. बागेत स्पायडर लिली असेल तर तिथेही पाहा, ती तिकडूनही येते. जुलैपासून दर दोन दिवसांनी पानांच्या खालच्या बाजू तपासा. लहान अळ्यांचा पुंजका असलेलं पान काढून साबणाच्या पाण्यात बुडवा. मोठ्या अळ्या हातमोजे घालून वेचा. संध्याकाळी निंबोळी तेलाची फवारणी करा. ती लहान अळ्यांवर चालते, मोठ्यांवर फारशी नाही. म्हणून नियमित पाहणी हाच खरा उपाय.

## टप्पा ७: फुलं

कोंब आल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या येतात. फूल उमलताना हिरवट असतं, मग पिवळं, मग नारिंगी, शेवटी लाल होतं. सुरुवातीच्या हिरवट रंगाला रोग समजून फूल तोडू नका, असं करणारे बरेच आहेत. एक फूल आठवडाभर तरी टिकतं.

फुलदाणीसाठी तोडायचं असेल तर फक्त देठासह फूल घ्या, वेलीचा तुकडा नको. पानं वेलीवर राहिलीच पाहिजेत. का, ते पुढच्या टप्प्यात.

बी नको असेल तर फूल सुकलं की खुडून टाका, म्हणजे ताकद कंदात जाईल. बी हवं असेल तर हाताने परागीकरण करा, कारण स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात बाहेर वळलेली असते आणि पराग तिच्यापर्यंत आपोआप पोचेलच असं नाही. सकाळी मऊ कुंचल्याने दुसऱ्या फुलातले पराग उचलून दांडीच्या तीन फाट्यांच्या टोकाला लावा. शेंग तयार व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात. ती उकलण्याआधीच काढा. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं थांबावं लागतं, हे माहीत असू द्या.

## टप्पा ८: फुलं संपल्यावरचे दोन महिने

पुढच्या वर्षीचं सगळं इथे ठरतं, आणि नेमकं इथेच लक्ष उडतं.

जूनमध्ये लावलेला कंद आता आत शिल्लक नसतो. तो वेलीने वापरून संपवलेला असतो. त्याच्या जागी नवे कंद तयार होत असतात आणि ते भरतात वेलीवरच्या हिरव्या पानांच्या जोरावर. फुलं गेली, वेल विस्कटलेली दिसू लागली, म्हणून ती कापलीत तर आत करंगळीएवढे कंद राहतात. ‘पहिल्या वर्षी फुलली, दुसऱ्या वर्षी नुसती पानं’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

त्यामुळे पानं हिरवी आहेत तोवर पाणी चालू ठेवा, राखेचा किंवा पालाशचा एक हात आणखी द्या, ऊन मिळू द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं खालून पिवळी पडू लागतील. हा रोग नाही, खत देऊन थांबवायला जाऊ नका. इथून पाणी कमी करत जा आणि अर्ध्याहून अधिक वेल पिवळी झाली की पूर्ण बंद करा.

तपासा: वेल हलक्या हाताने ओढल्यावर बुडापासून सहज सुटून आली, की कंद पक्का झाला. ओढ लागत असेल तर अजून थांबा.

## टप्पा ९: विसावा

दोन मार्ग आहेत.

कुंडीतच ठेवणं. पहिल्या दोन वर्षांसाठी मी हाच सुचवते, कारण खणताना होणारी मोडतोड टळते. कुंडी पावसाचं आणि झारीचं पाणी पोचणार नाही अशा सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात आडवी करून ठेवा. आडवी असली की घरातलं कुणी सवयीने पाणी घालत नाही. अवकाळी पावसाचं तेवढं भान ठेवा.

काढून साठवणं. कुंडीत कंदांची गर्दी झाली किंवा माती बदलायची असली की हे करा. खुरप्याने खणू नका. कुंडी आडवी करून सगळी माती पोत्यावर ओता आणि कंद बोटांनी मोकळे करा. माती कोरडीच झटका, धुऊ नका. जोडकंद ओढून वेगळे करू नका; वेगळे करायचेच असतील तर मधल्या वणापाशी धारदार सुरीने कापा आणि ती सुरी पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, एकमेकांना न लागता, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत घाम सुटून बुरशी येते. महिन्यातून एकदा पाहा. एखादा मऊ पडला असेल तर लगेच बाजूला काढा.

## तरीही फुलली नाही तर

वेल उंच, हिरवीगार आणि कळी एकही नाही: नत्र जास्त किंवा ऊन कमी. वेल बारीक आणि कमरेएवढीच: कंद लहान होता, या वर्षी पानं जपा, पुढच्या वर्षी येईल. कळ्या आल्या आणि पिवळ्या पडून गळल्या: बहुधा पाण्याचा ताण पडला, किंवा उलट मुळाशी पाणी साचलं, कुंडीची भोकं बुजली आहेत का ते आधी पाहा. चांगली वाढलेली वेल एकाएकी मान टाकते, तेव्हा बुडाशी वाकून बघा. खोड मोडलं नसेल तर कंद कुजतो आहे. पाणी थांबवा, कुंडी छपराखाली घ्या, आणि वेल वाळल्यावर कंद काढून कुजका भाग पार कापून टाका. टोकाचा डोळा शाबूत असेल तर तो तुकडा सुकवून पुढच्या मेसाठी ठेवा. ती माती मात्र दुसऱ्या कंदांसाठी वापरू नका.